कापलेली तार

सोमवार, १२ जून १९७२. उंबरतळे.

आलो एकदाचे. संगमनेरहून साडेदहाची एस.टी. धरली, फाट्यावर उतरलो आणि तिथून बैलगाडीने गावात. इंदूने वाटेत एकोणीस गाड्या, चार विहिरी आणि एक उंट मोजला. उंट नव्हता, पण तिची मोजणी चालू असताना मी मध्ये बोलत नाही. आठ वर्षांच्या या मुलीला गप्प बसणं माहीतच नाही. उतरताना कंडक्टर म्हणाला, की बाई, ही पोर गेल्यावर गाडी रिकामी वाटंल बगा.

शाळेला लागून दोन खोल्या मिळाल्या आहेत. शेजारच्या रतनबाईंनी त्या सारवून ठेवल्या होत्या. रतनबाई दिवसभर खडी फोडायला जातात आणि आल्यावर दिवसभराचं न बोललेलं सगळं बोलतात. त्या आणि इंदू एकदमच बोलत होत्या, आणि दोघींना एकमेकींचं कळतही होतं.

बदलीसाठी तीन गावं पुढे आली होती. मी हे का निवडलं ते कोणाला सांगितलं नाही. ह्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या वहीत शेवटचं नाव उंबरतळ्याचं आहे. एरवी काय बिघडलं, काय बदललं हे बारीक अक्षरात लिहीत. इथे नुसतं गावाचं नाव आणि पुढे कोरी ओळ. डिसेंबर एकोणसत्तर. परत आले ते घसा धरूनच. डॉक्टरांनी गाठ सांगितली. पुढचे आठ महिने पाटीवर लिहून बोलले, मग तेही थांबलं. त्यांचे हात शेवटचे जिथे चालले ती जागा बघावी, एवढंच मनात होतं.

हत्यारांची पेटी बरोबर आणली आहे. शाळा सुटल्यावर त्यांच्या शेजारी बसून अठरा वर्षं तारांना कथिलाचे डाख दिले. हात विसरलेला नाही.

गुरुवार, १५ जून

माझ्याकडे चारही वर्ग एकत्र, सत्तावीस मुलं. मुख्याध्यापक नृसिंह गुरुजी भले आहेत, जरा टापटिपीचे. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, असं पूर्ण नाव घेऊनच हजेरी व्हावी, अशी त्यांची शिस्त. मुक्ता कानिफनाथ शेळके. हजर. छगन राधाकृष्ण थोरात. हजर. मुलं बाणासारखी उठून ओरडतात.

यादीत शेवटी इंदू. तिथे मी नुसतं इंदू म्हणून पुढे जाते. मधलं नाव घेत नाही. गुरुजी हसून म्हणाले, बाई, शाळेत तरी घ्या, इथे कोणी उखाणा मागत नाही. मला जमलं नाही. ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, इथेही लिहीत नाही. आणि त्यांच्या हाकेला कधी ओही दिली नाही. आमच्याकडे तशी रीत होती. त्यांनी दमे म्हणून हाक मारली की मी जाऊन दाराशी उभी राहायची. बांगड्या वाजल्या की त्यांना कळायचं.

शाळेचा शिपाई भीमा मुका आहे. जन्मापासून नाही. रतनबाई सांगत होत्या, की लई गोड गळा हुता, भजनात म्होरं बसायचा, तीन वर्षं झाली, गळ्यावरनं वारं गेलं म्हनत्यात. भीमा घंटा मात्र फार सुरेख देतो.

मंगळवार, २० जून

शाळेच्या कपाटावर एक रेडिओ सेट आहे. मोठा, लाकडी पेटीतला, सेलवर चालणारा. शाळांसाठीचा कार्यक्रम ऐकवायला आणलेला. तीन वर्षं बंद. मला डाख देता येतो हे कळल्यावर गुरुजींचा चेहरा उजळला. पुढच्या महिन्यात तपासणी आहे.

मागची पाठ उघडली आणि हातच थांबला. आतल्या बोर्डावर एक डाख होता, तिळाएवढा, गोल, चकचकीत. असा डाख एकच माणूस देत असे. म्हणजे हाच तो सेट.

बोर्डावर तांब्याची वाट जिथे तुटते तिथे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तार टाकतात. तिला जंपर म्हणतात. इंदू खूप हसली; तिच्या मते जंपर म्हणजे आजी घालते ते पोलकं. तीच तार मधोमध तुटली होती. दोन्ही तुकडे लांब वाकवलेले. उंदराने कुरतडलं असावं, असं मी मनाला सांगितलं. खरं तर कापणं साफ होतं.

ह्यांची सवय अशी, की दुरुस्ती झाल्यावर काय केलं याची चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवायची. झाकणावर खळीचा डाग होता. चिठ्ठी नव्हती.

मधल्या सुट्टीनंतर पेचकस सापडेना. तासाभराने भीमाच्या पाण्याच्या रांजणात तळाशी मिळाला. मी रागावले. तो नुसता हात जोडून उभा होता.

शनिवार, २४ जून

आज दुपारी दुरुस्ती केली. शेगडीत सळई तापवली, जुन्या तुकड्यांची टोकं सोडवली, भोकं सुईने साफ केली. नवी तार मापून कापली, राळेत बुडवली, बसवली. दोन डाख. वास आला तसं क्षणभर वाटलं, मागून कोणी म्हणेल, घाई करू नकोस, सळईला तापू दे.

जुने तुकडे फेकले नाहीत. ते कधी फेकत नसत. कागदात गुंडाळून ठेवले आहेत.

सेल घातले. आधी खरखर, मग बासरी. मुलांनी खिडकीत गर्दी केली. गुरुजींनी मला सर्वांसमोर शाबासकी दिली. माझा ऊर भरून आला होता, आणि तो शाबासकीने नव्हता. त्यांचं अर्धं राहिलेलं काम मी पुरं केलं, असं वाटत होतं.

भीमा आंब्याखाली कानांवर हात दाबून बसला होता.

सोमवार, २६ जून

आज एक विचित्र प्रकार झाला. शाळांचा कार्यक्रम संपला, नुसती खरखर राहिली. मी बंद करायला उठले, तेवढ्यात आतून एका पुरुषाचा आवाज आला. गोड, गावाकडचा. म्हणाला, मुक्ता कानिफनाथ शेळके. मुक्ता सवयीने उठली आणि म्हणाली, हजर. वर्ग हसून लोळला. मीही हसले.

रतनबाई आज कामावर गेल्या नव्हत्या. खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, बाई, त्यो भीमाचा गळा हाय. म्या पंधरा वर्सं ऐकलाय त्यो.

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय करणार.

बुधवार, २८ जून

मुक्ता कालपासून बोलत नाही. ओठ हलतात. घसा लाल नाही, ताप नाही. तिची आई म्हणते, दृष्ट लागली.

आज सेटने पुन्हा नाव घेतलं. छगनचं. आवाज मुक्ताचा होता. मी धावेपर्यंत त्याने हजर म्हटलं. संध्याकाळी छगनच्या आजोबांनी त्याला माझ्यापुढे आणून उभं केलं. म्हणाले, बाई, तुमच्याकडं बोलतं पोर धाडलं हुतं.

मी सेट बंद केला. सेल काढून माझ्या पेटीत ठेवले.

शुक्रवार, ३० जून

हे लिहिण्याची लाज वाटते, पण लिहिते.

काल सेल नसताना सेट बोलला. आणखी दोन मुलांचा आवाज गेला. एकूण चार. ठरवलं, की आज मधल्या सुट्टीत तार कापायची. पकड हातात होती. झाकण काढलं होतं. भर दुपार, बाहेर मुलं खेळत होती, आणि आतून आवाज आला.

दमे.

ह्यांचा आवाज, आजारापूर्वीचा. किंचित खाकरून हाक मारायचे, तसाच. मी ओ दिली नाही, तशी सवयच नाही. सेटसमोर जाऊन उभी राहिले. हातात बांगड्या नाहीत, मग पदराला किल्ल्या होत्या त्या वाजवल्या.

मग त्यांनी दर थोड्या वेळाने हाक मारली. मी शाळा सुटेपर्यंत तिथेच होते. मुलांना गुरुजींनी सांभाळलं. तार कापायची होती. दोन वर्षांत मी तो आवाज आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हता. एक दिवस. फक्त एक दिवस राहू दे, असं मी म्हटलं. उद्या कापीन.

शनिवार, १ जुलै

सकाळची शाळा. इंदूला बजावलं होतं, की काही झालं तरी ओ द्यायची नाही, हजर म्हणायचं नाही. ती म्हणाली होती, बरं, बरं, बरं, तीनदा.

मी पाणी प्यायला बाहेर आले होते. तेवढाच वेळ.

आत गेले तर ती सेटपाशी उभी होती. तोंडावर हसू. तिला बाबांनी बोलावलं होतं. ती काय म्हणाली ते मुलांनी मला सांगितलं. म्हणाली, ओ बाबा.

रविवार, २ जुलै

इंदू बोलत नाही. मी काल तार कापायला पकड घेतली तेव्हा भीमा आडवा आला. आधी लपवला होता पेचकस, आता अडवली पकड. त्याने माझा हात धरला, आपल्या गळ्याकडे बोट केलं, मग सेटकडे, मग इंदूकडे, आणि हाताने कापल्याची खूण केली. मान हलवत राहिला. मला कळलं नाही. मग कळलं. ह्यांनी तार कापली तेव्हा भीमाचा आवाज आत होता. तो आतच राहिला.

कापली तर इंदूचाही राहील.

सोमवार, ३ जुलै

गुरुजी आले. बसले नाहीत. खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी झाकणाला होता. शाळेत असली अंधश्रद्धा नको म्हणून मी काढला. बाई, मला क्षमा करा.

ह्यांचं अक्षर.

ही तार मी मुद्दाम कापली आहे. जोडू नये. हा सेट नाव घेतो, ओ दिली की तो आवाज त्याचा होतो. शिपायाचा गेला, आज माझा गेला. आतून येतो तो आवाज आपला असतो, पण हाक आपली नसते. कापल्यावर गप्प आहे.

आठ महिने. आठ महिने ते पाटीवर मीठ, पाणी, इंदूची फी, सगळं लिहीत होते. हे लिहिलं नाही. मला ओळखून होते. मी ऐकायला आले असते. मी जोडली असती.

आलेच. जोडलीच.

मंगळवार, ४ जुलै

शाळा बंद. सेट कापडात, पेटीत, पेटी गादीखाली. तरी नाव घेतो. आता इंदूच्या आवाजात. गावातल्या मुलांना एकेकाच्या नावाने हाका. आयांनी मुलांच्या कानांत कापूस घातला आहे. तरी आज दोन गेली. सहा झाली. इंदू सातवी.

इंदू भिंतीकडे तोंड करून आपला आवाज ऐकते.

रतनबाई दाराशी येऊन बसल्या. म्हणाल्या, तुमी जोडलं, तुमीच सोडवा. रागाने म्हणाल्या नाहीत. ते जास्त लागलं.

बुधवार, ५ जुलै

एक सुचलं आहे.

दुकानात ह्यांनी मला गंमत दाखवली होती. ज्या स्पीकरमधून आवाज येतो, तोच ऐकूही शकतो. तारेचं टोक बदललं की झालं. जंपरचं एक टोक काढून शेजारच्या भोकात बसवलं, तर मी बाहेरून आत बोलू शकेन. सेट नाव घेऊन आवाज आत नेतो. मी नाव घेऊन बाहेर आणीन.

बदललं. डाख वेडावाकडा आला. भीमाला समोर उभं केलं. स्पीकरला तोंड लावून पूर्ण नाव घेतलं. भीमा सखाराम गायकवाड.

भीमाने गळा धरला. मग म्हणाला, हजर, जी.

आणि खाली बसून रडला, तो आवाज काढून. रतनबाई त्याच्या पाठीवर गुद्दे मारत होत्या आणि हसत होत्या. म्हणत होत्या, आता तरी भजनात ताल धर मेल्या.

पण तार तापली होती. राळेचा धूर आला. बोर्डाची त्या बाजूची तांब्याची वाट काळी पडते आहे. थंड होऊ दिली पाहिजे. उद्या मुलं.

भीमाला विचारलं, आत काय असतं. तो म्हणाला, दाटी लई हाय, बाई. अंधार न्हाई, काईच न्हाई. एक नवा आत आला, की त्यो आदल्याला ढकलतो, ढकलत ढकलत कुनीतरी दाराशी येतं. दाराशी असंल त्येला हाक मारावी लागती. मारायची नसली तरी.

गुरुवार, ६ जुलै

सकाळी नऊ. सगळी मुलं ओळीत. गुरुजींनी हजेरीपट धरला.

मुक्ता कानिफनाथ शेळके. हजर. तिच्या आईने तिला उचललं.

छगन राधाकृष्ण थोरात. हजर.

प्रत्येक नावाला धूर. मध्ये थांबून फुंकर घालत होते. सहाही जण आले. सहाही.

मग इंदू.

इंदू, म्हटलं. काही नाही. इंदुमती, म्हटलं. नाही. इंदुमती पाठक. नाही. तार लाल झाली होती. गुरुजी ओरडले, बाई, पूर्ण नाव, पूर्ण नाव घ्या.

घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. इंदुमती हेमचंद्र पाठक.

इंदूचं तोंड उघडलं. हजर म्हणाली. आई म्हणाली.

आवाज त्यांचा होता.

तिने स्वतःच ऐकलं, आणि दोन्ही हात तोंडावर दाबले. तार तुटून खाली पडली.

त्याच दिवशी, दुपार

मी त्यांचं नाव घेतलं. इतकी वर्षं न घेतलेलं. आत होते ते, त्यांनी ऐकलं — दुसरं कोणाला दार सापडणार?

इंदू हात काढत नाही. जेवली नाही. मी जवळ घेतलं तर एकदाच हळू म्हणाली, आई, हे माझ्यातून काढ. त्या जाड, खाकरलेल्या आवाजात. मला त्या आवाजाची माया वाटली. तिच्यादेखत. तिला ते कळलं.

तिचा आवाज आत एकटा आहे.

शुक्रवार, ७ जुलै

ते शेजारचं भोक जळून गेलं. बाहेरून आत बोलायची वाट संपली. आता फक्त जुनी दोन भोकं — आत नेणारी.

नवी तार सगळी जळाली. कागदातले जुने तुकडे आहेत. त्यांच्या हातचे. मध्ये एक डाख दिला की पुरतील.

भीमा म्हणाला होता — एक आत आला की आदला दाराशी. आत ती एकटीच. म्हणजे मी ओ देऊन आत गेले तर दाराशी तीच. पण दार बाहेर उघडेल का, हे भीमालाही माहीत नाही. तो नको म्हणतो. रतनबाई नको म्हणतात. इंदू मान हलवून नको म्हणते. तिने माझा पदर धरला आहे.

भीमाच्या हातात पकड दिली. इंदू तिच्या आवाजात बोलली की त्याच क्षणी तार कापायची. मी आत असले तरी. तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आणि ही वही गुरुजींनी झाकणाच्या आत चिकटवावी. या वेळी काढू नये.

सळई तापली. घाई करत नाही.

पहिला डाख — तिळाएवढा आला.

दुसरा —

बोलला. सेल नाहीत, तरी बोलला. इंदूचा आवाज. आई म्हणते आहे. हाक तिची नाही, हे मला माहीत आहे. चिठ्ठीत लिहिलं आहे.

पुन्हा. आई.

भीमाने पकड तारेला लावून ठेवली आहे. तो माझ्याकडे बघतो आहे. अजून नाही, भीमा.

आजवर ह्यांच्या हाकेलाही ओ दिली नाही. जाऊन उभी राहिले फक्त. आता उभं राहून चालणार ना—

आई.

ओ, इंदू, मी आ